थांबू नका, पुढचं पार्सल घ्या

पत्रकं लिहायचा नाद मला नागपुरात लागला. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सातला बंद व्हायचं आणि मुलांच्या वसतिगृहाला फाटकच नव्हतं, यावर मी पहिलं पत्रक लिहिलं. मग मेसच्या डाळीवर, मग ग्रंथालयाच्या कुलपावर. नियम दोनच शिकले. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते. मध्ये जागा उरली तर पुरावा.

एवढ्या शिदोरीवर मी इंजिनियर झाले आणि बंगलोरला नोकरीला आले. जयनगरात कुकर दुरुस्तीच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर शिट्ट्या, वर आम्ही सहा जण. अख्खं गाव तेव्हा दोन हजार सालाच्या तारखा दुरुस्त करण्यात गुंतलं होतं. आम्ही मात्र एका कुरियर कंपनीसाठी पार्सलं नोंदवायचा प्रोग्रॅम करत होतो. म्हणजे सरांनी तो आधीच लिहिला होता, मी त्यात आयती येऊन पडले. सर म्हणजे आमचे सिनियर, मंड्याकडचे, कमालीचे शांत. मी काहीही म्हटलं की आधी "स्वल्प निधान" म्हणायचे. जरा दमानं. या दोन शब्दांनी माझं डोकंच फिरायचं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला फ्लॉप्या देऊन कुरियरच्या बनशंकरीच्या शाखेत पाठवलं. तिथं काउंटरवर दोन ऑपरेटर होते. एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, त्यांना सगळे अण्णा म्हणत. दुसरी तिशीतली, निपाणीकडची, तिला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. अक्काचा हात असा चालायचा की कीबोर्डवर लाह्या फुटतायत असं वाटावं. पण त्या लाह्या पाच सेकंद फुटायच्या आणि मग सगळं ठप्प.

कारण असं. ठरलेल्या गिऱ्हाइकांनी पार्सलवर पत्ता लिहायचा नाही, नुसता घेणाऱ्याचा कोड लिहायचा, अशी त्या कंपनीची पद्धत होती. ऑपरेटरनं कोड टाकला की आमचा प्रोग्रॅम टेलिफोनच्या लाइनवरून मुख्य ऑफिसच्या कॉम्प्युटरला विचारायचा, हे कुठं जायचं? आणि उत्तर येईस्तोवर हा पठ्ठ्या दुसरं काही म्हणून करायचा नाही. पडद्यावर वाळूचं घड्याळ. बटण दबेना, खिडकी हलेना. उत्तराला सकाळी दोन सेकंद लागत, दुपारी लाइन भरली की अर्धं मिनिट. काउंटरच्या पलीकडचं गिऱ्हाईक ओरडायचं ते अर्थात अक्कावर. मुख्य ऑफिस त्याला थोडंच दिसत होतं!

अक्कानं यावर तोड काढली होती. मांडीवर अवरेकाईच्या शेंगांची पिशवी. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची इकडची बहीण, थंडीत सगळं बंगलोर तिच्या मागं असतं. वाळूचं घड्याळ आलं की अक्का शेंगा सोलायची, घड्याळ गेलं की टाइप करायची. मी उभी होते तेवढ्यात तिचे वाटीभर दाणे सोलून झाले.

शाखेचे मॅनेजर मागून आले. "एनम्मा, हे ऑफिस आहे की मार्केट?"

"सर, मशीन चालू झालं की ऑफिस," अक्का कानडीत म्हणाली, "बंद पडलं की मार्केट."

मग माझ्याकडं वळून मराठीत, "तू केलंस व्हय हे मशीन?"

"मी नाही. आमच्या सरांनी."

"मग सांग तुझ्या सरास्नी, आठवड्याची माझ्या घरची भाजी निघती हितं. पगार मात्र टायपिंगचा घेते मी. लाज वाटती."

तिच्याकडून कळलं की ती सहा महिन्यांच्या बोलीवर लागलीय, फेब्रुवारीअखेर कायम करतील किंवा घरी पाठवतील. घरी म्हणजे निपाणीला, भावाकडं. बनशंकरीतच तिनं एक खोली भाड्यानं घेतली होती. करारावर स्वतःची सही. "आमच्यात बाईच्या नावानं रेशनकार्ड बी नसतंय," ती म्हणाली. "ही खोली हाय."

मी जयनगरला परत आले ती पेटूनच. संध्याकाळपर्यंत पाण्याच्या फिल्टरवर पत्रक लागलं. 'वाळूच्या घड्याळाची हुकूमशाही.' पहिल्या ओळीत दोषी, म्हणजे सर. शेवटची ओळ होती, 'थांबू नका, पुढचं पार्सल घ्या.' इंग्रजीतच लिहावं लागलं, कारण ऑफिसात मराठी वाचणारी मी एकटी. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "छान आहे. सामान बांधलंस का?"

सरांनी पाणी पिता पिता पूर्ण पत्रक वाचलं. दुसरा ग्लास भरून परत वाचलं. मग म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक आहे. "चल, कॉफी पिऊ."

कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, आम्ही बाय-टू सांगितली, एका कॉफीचे दोन ग्लास. सर म्हणाले, "आता तू काउंटरला चिकटून, श्वास रोखून उभी राहणार का? माझा प्रोग्रॅम तसा उभा राहतो. तू म्हणतेस ते बरोबर आहे. विचारून बाजूला व्हावं, आपलं काम करावं, झालं की आतला हाक मारेल. त्या हाकेला कॉलबॅक म्हणतात. आणि आतला कॉफी करतोय म्हणून बाहेरच्या कुणाचं अडत नाही, कारण ती दोन वेगळी माणसं आहेत. प्रोग्रॅमच्या पोटात अशी दोन माणसं ठेवली की ते झाले थ्रेड. लिहिशील?"

"दोन आठवड्यांत."

"स्वल्प निधान. एक लक्षात ठेव. आतल्या थ्रेडनं पडद्याला हात लावायचा नाही. त्यानं फक्त निरोप ठेवायचा, पडद्यावर लिहायचं काम बाहेरच्याचं. नाहीतर दोघं एकाच वेळी लिहायला जातात आणि सगळं कोसळतं."

हे मी इतकं मनावर घेतलं की देवाला सोवळ्यात हात लावतात तसा मी पडद्याला लावला. आतला थ्रेड निरोप ठेवतोय, बाहेरचा उचलतोय, बाहेरचा लिहितोय. दहा वेळा तपासलं. आमच्याकडं 'मुख्य ऑफिस' म्हणून त्याच टेबलावरचा दुसरा कॉम्प्युटर होता. विचारलं की उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. एकदाही कोसळलं नाही. शिवाय मी माझ्या अकलेनं एक नवं बटण दिलं, 'बाजूला ठेवा'. पत्ता यायला वेळ लागतोय? तो अर्ज, म्हणजे त्या पार्सलचा पडद्यावरचा फॉर्म, बाजूला ठेवा आणि पुढच्याचा उघडा. पत्रकाची शेवटची ओळ मी प्रोग्रॅममध्ये उतरवली होती. किती कार्यकर्त्यांच्या नशिबी हे येतं?

बनशंकरीला बसवायला गेले तेव्हा वाळूचं घड्याळ गायब. मी दोन्ही ऑपरेटरांना समोर उभं करून भाषण केलं. आता थांबायचं नाही, पत्ता आला नाही तर सरळ पुढचं पार्सल घ्यायचं. अण्णांनी मान डोलावली. अक्कानं लाइनमधली दहा पार्सलं दणादण घेतली आणि खुर्चीत मागं रेलली.

"आता शेंगा कवा सोलायच्या गं, इंजिनेरबाई?"

"घरी."

"बरी हाईस की! घरी काम वाढवलंस."

पण हसत होती. मॅनेजरही हसत होते. मी परतताना रिक्षा केली.

तीन आठवड्यांनी अक्काचा ऑफिसात फोन आला. "मेमो दिलाय गं मला."

पार्सलं चुकीच्या ठिकाणी जात होती. दातांच्या डॉक्टरनं मैसूरच्या प्रयोगशाळेकडं पाठवलेली कवळी दावणगिरीच्या साडीवाल्याकडं पोचली होती. साडीवाल्याचे नमुने हासन गावच्या एका शाळेत गेले, शाळेचे प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे भलतीकडंच. साडीवाल्यानं फोन करून विचारलं होतं म्हणे, हे दात कुणाचे आणि माझ्याकडून काय अपेक्षा आहे? ऐकताना हसू यायचं, पण सगळ्या चुकांवर एकाच ऑपरेटरचा क्रमांक होता. अक्काचा. अण्णांच्या नावावर एकही नाही. मॅनेजरांनी लिहून दिलं होतं की निष्काळजीपणाबद्दल चार दिवसांत लेखी खुलासा करावा, त्यावर कायम करण्याबाबत विचार होईल. चौथ्या दिवशी त्यांचे वरचे साहेब यायचे होते.

"तुझा हात चालतो लिहायला," अक्का म्हणाली. "इंग्रजीत झक्कास लिहून दे."

मला तर हेच हवं होतं. मी दीड पानी खुलासा लिहिला. पहिल्या ओळीत दोषी होते टेलिफोन खातं, दुसऱ्या ओळीत मॅनेजर, तिसऱ्यात मुख्य ऑफिस. दोन माणसांचं काम करणाऱ्या बाईला बळीचा बकरा करता काय? अस्सल मजकूर होता. फक्त मध्ये पुराव्याची जागा रिकामी होती. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळीच बनशंकरीला जाऊन मी अक्काच्या मागं स्टूल टाकून बसले.

सकाळभर एकही चूक नाही. बारा वाजले, लाइन भरली. अक्कानं एक कोड टाकला. पत्ता येईना. तिनं 'बाजूला ठेवा' दाबलं, दुसऱ्या पार्सलचा अर्ज उघडला, त्याचा कोड टाकला. लगेच पत्ता उमटला. तिनं छापायचं बटण दाबलं, चिठ्ठी निघाली, पार्सलवर चिकटली, पार्सल मागं गेलं. सगळं मिळून सहा सेकंद.

मी म्हटलं, "अक्का, हे इतक्या लवकर कसं आलं? पहिलं तर अजून आलंच नाही."

आणि हे बोलतानाच मला दिसलं. पहिलं आलं होतं. ते दुसऱ्याच्या अर्जात आलं होतं. मी कॉलबॅकमध्ये लिहिलं होतं, उत्तर आलं की समोर जो अर्ज उघडा असेल त्यात भर. हे उत्तर कुणी विचारलं होतं, याची नोंदच मी कुठं ठेवली नव्हती. कोण पडद्याला शिवतं यावर इतकं सोवळं पाळलं आणि काय लिहितोय ते बघितलंच नाही. आता दुसऱ्याचा पत्ता तिसऱ्यात येणार, तिसऱ्याचा चौथ्यात. आमच्या टेबलावर उत्तर इतक्या झटकन यायचं की मध्ये दुसरा अर्ज उघडायला सवडच नव्हती.

मी शेजारी पाहिलं. अण्णांनी कोड टाकला होता आणि ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. घड्याळ नव्हतं, तरी बसले होते.

"अण्णा, तुम्ही पुढचं पार्सल का घेत नाही?"

"कशाला?" ते हिंदीत म्हणाले. "तीस वर्षं नोकरी केली. नवीन मशीन सांगतं ते पहिलं वर्षभर ऐकायचं नाही."

म्हणजे शाखेत माझं म्हणणं मनापासून ऐकणारी एकच व्यक्ती होती आणि मेमो तिलाच मिळाला होता. ती हुशार, ती वेगवान, तिनं मी सांगितलं तेच केलं. जो हात बांधून बसला तो निर्दोष!

"आणलास न्हवं खुलासा?" अक्का म्हणाली. "वाच की."

"अक्का, चूक तुझी नाही."

"ते मला ठाऊक हाय. कुणाची?"

माझी सगळी हयात दुसऱ्यांची नावं घेण्यात गेलेली. स्वतःचं घेताना जीभ अडकते हे मला माहीतच नव्हतं. "माझी," मी म्हटलं आणि कागदावर चौकोन काढून तिला सगळं दाखवलं.

तिनं कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. लाइनमधला एक जण खाकरला.

"तीन आठवडे मला वाटतंय डोळं गेलं माझं," ती म्हणाली. "रोज रातच्याला पाणी मारत होते. परवा जाऊन चष्मा करायला टाकला. आणि तू... शिकल्याली बाई तू!"

मी कागद उचलला आणि जयनगरची बस पकडली.

ऑफिसात सरांना सांगितलं. त्यांनी माझा प्रोग्रॅम उघडला, तीस सेकंदांत त्या ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक प्रश्नाला नंबर दे, उत्तराबरोबर तोच नंबर परत येऊ दे, ज्या अर्जाचा नंबर त्याच अर्जात भर, मग तो बाजूला ठेवलेला का असेना. संध्याकाळपर्यंत झालं. मी फ्लॉपी काढली आणि म्हटलं, "सोबत पत्र देऊ या. चूक आमची म्हणून."

"स्वल्प निधान. बसव आणि ये. चुका आपोआप थांबतील. पत्र दिलं तर ते या तीन आठवड्यांचं नुकसान आपल्या डोक्यावर बसवतील."

"सर, नीट ऐका. मी उद्या गुपचूप फ्लॉपी बसवली आणि परवापासून चुका थांबल्या, तर मॅनेजर काय म्हणतील? बघा, मेमो दिला आणि बाई सुधारली. आपली दुरुस्तीच तिच्याविरुद्ध पुरावा ठरेल!"

खालून लागोपाठ दोन शिट्ट्या आल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," ते म्हणाले. "पण जुना प्रोग्रॅम आधी काढू नकोस. त्यांच्यासमोर चूक घडू दे. मी येतो."

चौथ्या दिवशी बाराला आम्ही दोघं बनशंकरीत. मॅनेजर होते, त्यांचे वरचे साहेब होते, अण्णा आणि अक्का होते. मी आधीचा दीड पानी खुलासा पिशवीतच ठेवला आणि नवा दिला. तीन ओळींचा होता. चूक प्रोग्रॅमची, तो भाग मी लिहिला, ऑपरेटरनं आम्ही शिकवलं तसंच काम केलं.

"प्रोग्रॅमची असती तर अण्णांच्याही झाल्या असत्या," मॅनेजर म्हणाले.

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "कोड टाका, बाजूला ठेवा, दुसरा टाका."

ते बसले. एका बोटानं टाइप करत कोड टाकला. बाजूला ठेवला. दुसरा टाकला. पत्ता आला. बरोबर आला.

"बघा," मॅनेजर म्हणाले.

परत केलं. परत बरोबर. त्यांचं एक बोट इतकं सावकाश चालत होतं की उत्तराला आपल्या घरी पोचायला भरपूर वेळ मिळत होता. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अशी चूक साक्षीला बोलावली की हजर राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी एवढी पत्रकं लिहिली, पण आरोपी इतका मनापासून निर्दोष वाटावा असं कधी झालं नव्हतं. आणि आरोपी मी होते!

तेव्हा अक्का पुढं आली, कानडीत बोलली. "सर, तुमचा हात हळू आहे. तुम्ही कोड नुसतं वाचा, बटणं मी दाबते. पत्ता काय येतोय ते तुम्हीच बघा."

मॅनेजर वाचू लागले. अक्काची बोटं सुटली. एक कोड, बाजूला. दुसरा कोड. पत्ता उमटला. मॅनेजर मोठ्यानं पत्ता वाचायला लागले आणि मध्येच थांबले. कारण तो कोड त्यांच्या स्वतःच्या मेहुण्याच्या औषधांच्या दुकानाचा होता आणि पडद्यावर आलं होतं शिमोग्याचं एक बँड पथक.

साहेब म्हणाले, "परत."

अक्कानं परत केलं. या वेळी बँड पथकाच्या अर्जात शाळा आली. सरांनी शांतपणे फ्लॉपी पुढं केली, मी नवा प्रोग्रॅम चढवला आणि अक्कानं तेच कोड त्याच वेगानं पुन्हा टाकले. पत्ते उशिरा आले, पण प्रत्येक जण आपापल्या घरी आला. साहेबांनी सरांना बाजूला नेलं. काय बोलणं झालं ते सरांनी मला कधी सांगितलं नाही. एवढं खरं की दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडं दोन हजार सालाच्या तारखा आल्या. वर्ष दोन आकडी दिसलं की चार आकडी करायचं. सहा महिने तेच.

महिनाअखेर मी शाखेत मुद्दाम गेले. अक्काला पत्र मिळालं होतं, कायम केल्याचं. तिनं मला वाचायला दिलं. इंग्रजीत होतं. 'आपला खुलासा समाधानकारक आढळल्याने आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे.'

माझं डोकं फिरलं. "समाधानकारक आढळल्याने? म्हणजे चूक तुझीच, फक्त त्यांनी मोठ्या मनानं सोडून दिली? अक्का, हे असलं चालणार नाही. मेमो मागं घेतला असं स्पष्ट लिहायला लावू. मी मजकूर देते, तू सही कर."

"कायम लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय, पण..."

"घरमालकाला काल दाखवलं. खोलीचा करार अकरा महिन्यांनी वाढवला त्यानं." तिनं पत्र घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. "साहेबास्नी जे म्हणायचंय ते म्हणू दे. मॅनेजरास्नी मी बघून घेते, माझ्या पद्धतीनं. तू मजकूर बिजकूर काय देऊ नको आता."

"अक्का, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आसंल. पर तू माझ्या खिडकीम्होरं उभी हाईस आणि मागं लाइन लागल्या. सरक."

मी सरकले. मागच्या माणसानं पार्सल पुढं केलं आणि तिनं कोड टाकला.